हाताला न लागलेला गम

आई,

एक गंभीर तक्रार आहे आणि घरात ती ऐकून घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून तुला लिहितो. परवा दादरहून स्टीलचा डबा आणला. त्याच्या झाकणावरचं लेबल निघत नाही. गरम पाणी झालं, खोबरेल झालं, नखं झाली; कागद गेला, गम राहिला. ज्याची हयात लेबलांच्या प्रेसमध्ये गेली त्याचा एका लेबलाने असा पराभव करावा! तुझी सून म्हणाली, "कामावरून थोडं थिनर आणा ना, एका फटक्यात निघेल." मी ओरडलोच, "थिनर या घरात येणार नाही. पोरीचा हात लागला तर?" ती डबा घेऊन आत गेली. मी मात्र माझ्याच वाक्याशी अडलो.

लालबागच्या प्रेसमध्ये रोलर धुणाऱ्या बाईचा मुलगा संस्कृत शिकतो, याचं तुला केवढं अप्रूप होतं. त्या संस्कृताचं मी काय केलं ते सांगतो. परळच्या आमच्या प्रेसमध्ये रसायनांच्या डब्यांवरच्या सूचना मराठीत मी लिहितो. 'त्वचेशी संपर्क टाळा.' 'बंदिस्त जागेत वापरू नका.' एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. आणि माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, तुझंच काम करणाऱ्या आमच्या मावशी उघड्या हातांनी रोलर थिनरने पुसतात. ओल्या शाईवर धूळ बसते म्हणून पंखा बंद. थिनर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. सबंध लेबलांच्या प्रेसमध्ये बिनलेबलाची तेवढीच एक बाटली.

हातमोजे आहेत. गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला आली की कपाटातून निघतात, ती गेली की परत आत. किल्ली माझ्याकडे. मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "सर, हे जाडेजुडे घालून गम कळत नाय. जरा पातळ, मापाचे मागवा ना." मी म्हटलं, "का हो मावशी, कुणाच्या लग्नाला जायचंय?" सगळे हसले, त्याही हसल्या. मागणीचा कागद काही मी लिहिला नाही.

रोलर पुसून झाला की शेवटी त्यावरून बोट फिरवायचं, ही तुमच्या वेळेपासूनची रीत. डोळ्यांना दिसत नाही तो गम बोटाला लागतो. तुझं बोट फिरलं की मशीनवाला पुन्हा बघतसुद्धा नसे, हे तू जेवताना किती तोऱ्यात सांगायचीस. गेल्या सोमवारी रोलरवर गम राहिला आणि अख्खा रोल वाया गेला. मी मावशींना सगळ्यांदेखत झापलं. "बोट फिरवलं होतं का?"

"फिरवलं ना सर, आईशपथ. लागलाच नाय हाताला."

एवढं बोलून त्या मोरीकडे वळल्या आणि त्यांची एक चप्पल माझ्या टेबलापाशीच राहिली. त्या तशाच चालत गेल्या. मशीनवाला ओरडला, "ओ मावशी, चप्पल काय सरांना ठेवलीत?" पुन्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही.

कारण डोळ्यांसमोर तू जिना चढून येतेयस. एका पायात चप्पल, दुसरा पाय रस्त्याच्या धुळीने काळा. मी दारात उभा राहून खिदळतोय, "दुसरी कुणाला दान केलीस?" आणि तू म्हणतेस, "हसतंस कित्याक? चप्पल गेली, पाय आसा मां जाग्यार!" पुढे तुझ्या हातून कपबश्या पडायला लागल्या, तेव्हाही आम्ही हसलो. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. थिनरनेच झालं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण 'हातापायांना बधिरता येऊ शकते' हे वाक्य मी कितीतरी डब्यांसाठी लिहिलंय, शुद्धलेखन दोनदा तपासून, आणि ते लिहिताना एकदाही मला तुझे पाय आठवले नाहीत.

चप्पल मी उचलून नेऊन दिली. "डॉक्टरला दाखवा," म्हणायचं होतं. "सांभाळून चाला," म्हणालो. मावशी बिचाऱ्या ओशाळल्या. ओशाळायचं कुणी होतं!

चार दिवस झाले. मालकांना काय सांगायचं ते मनात तयार आहे, अगदी विरामचिन्हांसकट. मालक दिवसातून तीनदा माझ्या टेबलाजवळून जातात. आजही गेले. मावशी आजही रोलर पुसत होत्या, तशाच.

तू आता नाहीस, तेव्हा हे पत्र कपाटाच्या किल्लीबरोबर खणात पडून राहील. डब्यावरचा गमही राहू दे. आई, मला भीती वाटते की मी बोलणारच नाही.