न लागलेली बाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त स्नूकर पंच व चार टेबलांच्या हॉलची एकटी मालकीण, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. मागच्या महिन्यात ती दोन-तीन दिवस जागेवर नव्हती, पण त्या दिवसांत मी कशावरही सही केलेली नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. त्यात मी हॉल माझ्या भाच्याला बिनशर्त दिला होता. आता तो त्याला मिळेल की नाही, हे लिहिताना मलाही ठाऊक नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कारणे द्यायची नसतात. मी त्यांना म्हटले, जन्मभर फाउल दिला की का दिला ते सांगत आले, आता जाता जाता सवय कशाला मोडू?

कलम १. हॉलच्या वरच्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर, भांडी, कपाटे व बाल्कनीतल्या कुंड्यांसह, वहिनींना द्यावे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको आणि भाच्याची आई. त्यांनी माझ्या धंद्याला कायम रिकामटेकड्यांचा खेळ म्हटले, आणि मीही त्यांच्या स्वयंपाकाला कधी बरे म्हटले नाही, तेव्हा हिशेब चुकता आहे. पण भाऊ गेल्यावर शाळेच्या कचेरीत नोकरी करून त्यांनी एकटीने मुलाला वाढवले, हे मी पाहिले आहे. जिना चढताना त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहून नाक मुरडू नये. मुरडले तरी घर काढून घेता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून ही अट नव्हे, विनंती समजावी.

कलम २. टेबलाची इस्त्री, दोन्ही ब्रश, पाणसळ आणि कापड ताणायचे सगळे सामान मार्करला द्यावे. तो माझ्या हॉलमध्ये गुण मांडतो, टेबले सांभाळतो आणि माझ्यावर डाफरतो. इस्त्री कापडाच्या लवेच्या दिशेनेच फिरवावी, हे त्याला शेवटचे सांगते. तो म्हणेल, बाई मेल्या पण बोलायच्या थांबल्या नाहीत. माझे पांढरे हातमोजे मात्र कोणाला देऊ नयेत. दुसऱ्या पंचाचे हातमोजे घालणे म्हणजे दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरणे.

कलम ३. स्नूकर मंडळाच्या माजी सचिवांना माझी घडीची लोखंडी खुर्ची द्यावी. बाईच्या आवाजाने खेळाडूंचे लक्ष उडते, असे कारण देऊन त्यांनी मला कित्येक वर्षे मोठ्या मॅचेस होतात त्या मधल्या टेबलाच्या जवळपास फिरकू दिले नाही. त्या काळात मी स्पर्धेच्या हॉलबाहेरच्या बोळात ज्या खुर्चीवर बसून असे, तीच ही. तिचा एक पाय आखूड आहे. त्यांनी निदान एकदा तरी तिच्यावर बसावे.

कलम ४. काचेच्या कपाटातला खिलाडूवृत्तीचा चषक. हा माझा नाही, भाच्याचा आहे, म्हणून तो कोणाला द्यायचा हक्क मला नाही. तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

भाचा व्यावसायिक स्नूकरपटू आहे. एकेक फटका मारायला तो इतका वेळ घेतो की समोरच्याला डुलकी लागावी, म्हणून सगळे त्याला गोगलगाय म्हणतात. व्यावसायिक म्हटले की लोकांना वाटते, गड्याला काय कमी आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे. टीव्हीवर दिसणारे पाच-सहा जण सोडले, तर बाकीच्यांचा प्रवास स्वतःचा, हॉटेल स्वतःचे, आणि पहिल्याच फेरीत हरला की हात हलवीत घरी. भाचा क्रमवारीच्या तळाला आला होता. आणखी थोडा घसरला असता, तर पुढच्या वर्षी त्याला खेळायलाच मिळाले नसते. मला एवढे माहीत होते. त्याच्या आधीच्या स्पर्धेला तो रात्री स्टेशनवर झोपला होता, हे मला माहीत नव्हते. माझ्याकडे मागितले असते तर मी दिले नसते का? पण मागायला त्याला लाज वाटली, आणि विचारायचे मला सुचले नाही.

आमच्या खेळात एक रीत आहे. फटक्यासाठी वाकताना बाही किंवा बोट चेंडूला लागले, तर तो फाउल, आणि पाळी समोरच्याकडे जाते. पंचाला दिसो न दिसो, ज्याचे लागले त्याने स्वतः उभे राहून सांगायचे. ही रीत मी त्याला क्यू नीट धरता येण्याआधी शिकवली. हात आधी वर करायचा, श्वास मग घ्यायचा, असे मी म्हणत असे.

त्या दिवशी त्याची मॅच टीव्हीवर होती आणि आम्ही सगळे हॉलमध्ये खेळ थांबवून पाहत होतो. तिसऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे तिसऱ्या डावात, तो पुढे होता. सोपा लाल चेंडू होता. तो वाकला, आणि फटका न मारताच सरळ झाला, हात वर केला आणि पंचाला म्हणाला की बाही लागली. पंचांना काही दिसले नव्हते. कॅमेऱ्यातही त्याच्या हाताआड चेंडू झाकला होता. तरी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. समोरच्याने ती फ्रेम घेतली, पण मॅच भाच्यानेच जिंकली. मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगितले की बाही लागली होती, मी स्वतः पाहिली. मी खोटे बोलत नव्हते. मला खरोखर दिसली होती.

मंडळाने त्याला चषक दिला. मी हॉलमध्ये छोटा समारंभ केला आणि शिकायला येणाऱ्या सगळ्यांपुढे भाषण ठोकले. स्वतःचे नुकसान करून खरे बोलणारा माणूस कसा असतो ते बघून घ्या, असेही म्हणाले. भाचा माझ्या शेजारी उभा होता आणि फरशीकडे बघत होता. मला वाटले, लाजतोय.

मग आम्ही दोघे वर आलो. मी चहा गाळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आत्या, बाही लागलीच नव्हती."

मी म्हटले, अरे लागली होती, मी पाहिली ना.

तो म्हणाला, "तुला दिसली, कारण मी हात वर केला."

मग त्याने सगळे सांगितले. हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला एक जण त्याच्या टेबलाशी येऊन बसला होता. एकेकाळचा चांगला खेळाडू, मी त्याच्या मॅचेसना पंच होते. तो गोडीगुलाबीने बोलला. मॅच हरायची गरजच नाही, म्हणाला, फक्त तिसरी फ्रेम जाऊ दे, सट्टा तेवढ्यावरच लागलाय, कोणाचे काही बिघडत नाही. भाच्याने पहिल्यांदा नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आला, आणि त्याने पुढच्या सबंध मोसमाचा खर्च देऊ केला. भाच्याने हो म्हटले.

इथवर मी ऐकून घेत होते. लोभाला कोण कधी बळी पडेल सांगता येत नाही, आणि रिकाम्या खिशाला नीतीचे धडे देणे सोपे असते. पण त्यानंतर तो जे बोलला, त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या फ्रेममध्ये त्याने चेंडू चुकवायचा प्रयत्न केला होता. दोनदा केला. दोन्ही वेळा चेंडू पॉकेटात गेला. "मला चुकवताच येईना," म्हणाला, "हात ऐकेना. मग तू शिकवलेलं आठवलं."

हे वाक्य मी अजून पचवू शकलेली नाही. आजही चहा गाळताना हात मध्येच थांबतो. त्याने पैसे घेतले याचे दुःख आहेच, पण त्याने माझी शिकवण घेतली आणि तीच विकली. दुसऱ्याविरुद्ध कोणी तक्रार केली की आपण दहा प्रश्न विचारतो. स्वतःविरुद्ध बोलणाऱ्याची उलटतपासणी कोण करतो? चाळीस वर्षे मी अशा प्रत्येक हात वर करणाऱ्याला मान तुकवली. त्यांतले खरे किती होते, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण मी त्याला चिडवायला वापरत असे. आता तोंडातून निघत नाही.

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावेसेही वाटले. दोन्हीतले काही केले नाही. चहा गार होतोय, एवढेच म्हणाले.

कलम ५. हॉल, चारही टेबले व दिवे. भाच्याने माझ्या हयातीत स्वतः होऊन मंडळाच्या कचेरीत जावे आणि घडले ते जसेच्या तसे सांगावे. त्याच्यावर बंदी येईल, कदाचित कायमची. तसे सांगितले, तर हॉल त्याचा. मग खेळणे बंद झाले तरी शिकवून त्याचे पोट भरेल, आणि त्याला कोणाच्या नाश्त्याच्या टेबलावर मिंधे व्हावे लागणार नाही. न सांगितल्यास हॉल विकून येईल ते कलम ६ प्रमाणे लावावे. मी स्वतः मंडळाकडे जाणार नाही. का नाही, ते माझे मलाही नीट सांगता येत नाही. पंच म्हणून मी जायला हवे होते आणि आत्या म्हणून पाय उचलत नाही.

कलम ६. बँकेतली माझी सर्व ठेव मंडळाच्या हाती न देता वकिलांच्या देखरेखीखाली वेगळी ठेवावी. पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूंना त्यातून घरी परतायचे भाडे आणि एका रात्रीची खोली द्यावी. कसा खेळला, का हरला, हे विचारू नये. कोणी म्हणेल, हरणाऱ्याला बक्षीस देणारी ही पहिलीच बाई. म्हणू दे.

पुरवणी. वरील मजकूर टंकून तयार झाल्यावर आज सह्यांसाठी आम्ही हॉलमध्ये जमलो आणि जे घडले ते मी वकिलांकडून इथे हाताने लिहून घेत आहे, कारण त्यावाचून खालच्या सह्यांचा अर्थ लागणार नाही.

पहिले साक्षीदार, शेजारचे दातांचे डॉक्टर, वेळेवर आले. दुसरा साक्षीदार म्हणून मार्कर पुढे झाला, तेव्हा वकिलांनी त्याला थांबवले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते, असे त्यांनी समजावले. मार्करने इस्त्री आठवून पेन खाली ठेवले. दुसरा माणूस कुठून आणावा, याचा आम्ही विचार करू लागलो.

भाच्याला मी मुद्दाम बोलावले होते आणि सगळे कागद वाचायला दिले होते. तो वाचून झाल्यावर पाचव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "आत्या, हॉल मिळतो म्हणून खरं बोललो, तर तेही पैसे घेऊन खेळल्यासारखंच ना? त्या नाश्त्याच्या माणसाने काय करायचं ते आधी सांगितलं आणि किंमत ठेवली. तूही तेच केलंयस."

  इतके दिवस विचार करून, खाडाखोड करून मी ते कलम लिहिले होते, आणि ते कसे दिसते हे मला दिसले नव्हते. 

त्याने वकिलांना विचारले, मी साक्षीदार झालो तर हॉल जातो, हे नक्की का? वकील हो म्हणाले, आणि घरी जाऊन विचार कर, असेही म्हणाले. तो म्हणाला, विचार इथे येताना स्टेशनवरच झालाय. मंडळाच्या कचेरीत मी उद्या सकाळी जाणार आहे, तू सोबत येऊ नकोस, असे त्याने मला सांगितले आणि पेन मागितले.

मी दिले. 

जिवंत असेपर्यंत हा कागद मला केव्हाही बदलता येईल, असे वकिलांनी नंतर माझ्या कानात सांगितले. मी बदलणार नाही. हॉल कलम ६ प्रमाणे जावा. मला फार वाईट वाटते आहे, आणि बऱ्याच दिवसांनी बरेही वाटते आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

स्थळ : हॉल, दुसरे टेबल, कापडावर आच्छादन घालून.
दिनांक : महिन्याचा पहिला सोमवार, हॉलचा सुटीचा दिवस.

सही : मृत्युपत्र करणारी. धंदा : निवृत्त पंच.

साक्षीदार पहिला, सही : शेजारी. धंदा : दातांचे डॉक्टर.

साक्षीदार दुसरा, सही : भाचा. धंदा (त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले ते तसेच ठेवले आहे) : कालपर्यंत स्नूकर.