शेवटच्या कडव्यातलं नाव

२ एप्रिल, साकोली

पल्लवीनं माझ्या गाण्याचा व्हिडिओ टाकला होता, तो चार दिवसांत बंद झाला. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणते, "आई, हे गाणं एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं आहे म्हणे." कोणतं, पाटी-पेन्सिलचं? सुखदेवदादानं ते सानगडीच्या आमच्या अंगणात केलं, मोहफुलं वाळत घालता घालता. मी समोर बसून शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. कंपनी तेव्हा कुठे होती? दिवसभर नुसता जीव जळतोय. भाजीत मीठ दोनदा पडलं.

४ एप्रिल

प. नं सगळं शोधून काढलं. आमची कॅसेट काढणारी नागपूरची कंपनी कधीच बंद झाली, तिची गाणी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली. त्यांनी आता पाटीचं गाणं एका नव्या मुलीकडून गाऊन घेतलंय. ढोलकी नाहीच, मागे नुसती धडधड. मुलगी गोड गाते, खोटं कशाला बोलू. खाली गायिकेचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव, आणि गीतकार: पारंपरिक.

माझा भाऊ पारंपरिक नव्हता. गवंडीकाम करायचा, बिड्या ओढायचा, सूर चुकला की पेटीवरून उठून जायचा.

५ एप्रिल

जुनं सगळं वर येतंय. आमची गाण्याची पार्टी: दादा पेटीवर, कोंढ्याचे बळीरामभाऊ ढोलकीवर, कोरसला त्यांची बायको कौसल्याबाई, पुढे गायला मी. एका सायकलवर पेटी, दुसरीवर मी. भीमजयंतीचा महिना आला की घरी फक्त कपडे बदलायला. आंबागडला माइक बंद पडला तरी आम्ही थांबलो नाही, मागच्या बायका पुढे सरकून बसल्या एवढंच. आणि ती टपरी! साकोलीच्या स्टँडवर चहाच्या टपरीत कॅसेट लागली होती आणि त्यात मी गात होते. ऐकत राहिले, एसटी निघून गेली.

पुन्हा एकदा तसं ऐकू यावं असं फार वाटतं. या वयात हे कुणाला सांगायचं, म्हणून इथे.

७ एप्रिल

मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन. बोलायला फार मऊ. "मॅडम, तुमच्या आवाजात माती आहे. नव्या गाण्यात शेवटी तुमचं एक कडवं घेऊ, नावासकट. फक्त गाणं पारंपरिक आहे एवढं लिहून द्या." म्हटलं, गाणं माझ्या भावाचं आहे, तो आता नाही. तर म्हणे, "कॅसेटच्या कव्हरवर कवीचं नाव नाही मॅडम. लेखी काही आहे का?"

वही रेकॉर्डिंगला दिली होती, ती परत आलीच नाही. आणि कव्हरवर नाव कोण लिहितं? आमच्याकडे कवीचं नाव गाण्यात असतं, शेवटच्या कडव्यात. "म्हणे सुखदेव सानगडीचा, वाच गं पोरी माझं नाव." पण रेकॉर्डिंगला टेप कमी पडली, काचेमागचा माणूस म्हणाला शेवटचं कडवं सोडा. दादा पेटीवरचा हात न काढता म्हणाला, "चालते ना. आपल्याकडं त सारेच जानतेत."

मीही मान हलवली. एकोणीस वर्षांची होते, मला कॅसेट हवी होती. आता त्याचा राग येतो की माझा, कळत नाही.

१० एप्रिल

प. नं कंपनीकडून फॉर्म मागवला. गीतकार म्हणून दादाचं नाव लावायचं तर पार्टीतला माझ्याखेरीज एक जिवंत साक्षीदार हवा, सहीसकट. पण तसा दावा केला तर नव्या गाण्यात माझा आवाज घेणार नाहीत, हेही त्या मऊ माणसानं मऊपणेच सांगितलं. प. परवाच म्हणाली, तूच ठरव.

ठरवायचं काय त्यात. तरी दोन दिवस लागले. नाव दादाचंच.

१४ एप्रिल

विहारात गायले, शेवटच्या कडव्यासकट. वरचा स्वर फाटला. कुणाला कळलं नसावं. किंवा कळलं आणि…

१७ एप्रिल

दोन गाड्या बदलून कोंढ्याला. बळीरामभाऊ जाऊन दोन वर्षं झाली. कौसल्याबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला, आणि पाणी द्यायच्या आधी गाणंच सुरू. मीही धरलं. शेवटच्या कडव्याला आलो आणि आमचे शब्द वेगळे झाले. त्या म्हणत होत्या, "म्हणे बळीराम कोंढ्याचा…"

"हे काय वो, कौसल्याबाई? गाणं दादाचं ना?"

"हो, दादाचंच. मी कुठं नाही म्हनलो? पार्टी मोडली, मंग आमी इकडं म्हनाले लागलो, त आमच्या मानसाचं नाव टाकलं. तुमी नाही टाकत होत्या का, दुसऱ्याच्या गान्यात सुखदेवभाऊचं?"

टाकत होतो. दोन गाणी तर मलाच आठवली. इतकी वर्षं सोयीस्कर विसरले होते. लाज वाटली.

फॉर्म दाखवला. एका शब्दानं न विचारता सही केली, प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली. मग पेन हातातच धरून म्हणाल्या, "आता मी शेवटचं कडवं कसं म्हनू?"

म्हटलं, तुम्हाला कोण अडवतंय?

"अडवत नाही वो कोनी. पन कागदावर लिहून देल्लं ना मी. मंग खोटं कसं म्हनू? नातवाईले यांचं नाव तेवढंच ऐकवत राहतो."

डाळभात जेवून निघाले. स्टँडपर्यंत सोडायला आल्या.

२० एप्रिल

मऊ माणसाचा फोन: फॉर्म पाठवला का? म्हटलं, पाठवते.

दोनदा पोस्टापर्यंत जाऊन आले. प. चिडली, "आता काय राहिलंय?" तिला काय सांगू. दादाचं नाव पहिल्यांदा छापून येईल, ते मला हवंच आहे. उगाच मोठेपणा दाखवून ते मी सोडणार नाही.

पाकीट अजून चिकटवलेलं नाही. आज पुन्हा फॉर्म काढून बघितला. साक्षीदाराच्या जागी कौसल्याबाईंनी पूर्ण नाव लिहिलंय. स्वतःचं घाईत, आडनाव चौकटीबाहेर गेलेलं. मधलं 'बळीराम' तेवढं सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं आणि नीट.