संबंधित कर्मचारी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भावोजींचा गुडघा निदान जिना चढण्याइतका वळत असेल आणि धाकटीची परीक्षा पार पडली असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे सगळे ठीक.

मेसेज पाठवून पाहिले. तू ते उघडत नाहीस, हे दोन करड्या खुणांवरून कळतं. फोन करावा तर आमचं ऑफिस खाली, घर वर, मधे एक जिना, आणि भिंती अशा की वर कुणी शिंकलं तर खालून ‘बरं नाही का’ म्हणून विचारतात. म्हणून पत्र. दीड वर्षात अक्षरही बिघडलंय, सांभाळून घे.

कामाचं सांगते, म्हणजे हात चालू लागेल. गेले दोन महिने माझ्याकडे एकच काम होतं, कंपनीसाठी जाहिरातीची एजन्सी निवडायची. आमचं यंत्र तुला सांगायला नको. तुझ्या वॉर्डात तेरा महिने ते सलाईनच्या प्रत्येक स्टँडला लटकत होतं. बाटली संपत आली की सिस्टरच्या फोनवर सूचना, एवढंच त्याचं काम. आजवर ते दादांच्या ओळखीपाळखीवर विकलं गेलं. दादा म्हणजे माझे मोठे दीर, तुला माहीतच आहे. आता त्यांना ते बाहेरगावच्या मोठ्या हॉस्पिटलांत न्यायचंय, तिथे ओळख चालत नाही. यंत्र बनवतो माझा नवरा, विकतात दादा, आणि उरलेलं सगळं मी. पत्रव्यवहार, फोन, हजेरी, कुणाचा वाढदिवस असला तर केक. कागदोपत्री मात्र तिघेही भागीदार, त्यामुळे मतं तीन.

पहिल्या एजन्सीचा माणूस स्वतः इंजिनियर होता. त्याने तासभर माझ्या नवऱ्याला नवऱ्याचंच यंत्र समजावून सांगितलं. नवरा खूश. शेवटी मी विचारलं, “हे वापरतं कोण?” तर म्हणाला, “हॉस्पिटल.” जणू हॉस्पिटल नावाची कुणी बाई आहे आणि ती डबा घेऊन पाळीवर येते.

दुसरे दोघे आले. एकसारखे कोट, एकसारखं हसू. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं. मी त्यांना मनातल्या मनात जोडगोळी म्हणते. त्यांनी पडद्यावर एक सिस्टर दाखवली, इतकी टवटवीत की पाळी करून आलेली नक्कीच नव्हती. खाली अक्षरं, ‘काळजी, आता आपोआप’. दादा खुर्चीत पुढे सरकले. मला तेव्हाच कळलं की निवड झाली. पण मला रीतसर निवडायचं होतं. मी तक्ते केले, गुण दिले, तिसऱ्या एजन्सीला बोलावलं.

तिसरी एक बाई होती. पन्नाशीची, एकटी, हातात वही. पहिल्या भेटीत तिने काही दाखवलंच नाही. “मला तुमच्या ग्राहकांची यादी द्या आणि तीन आठवडे द्या,” म्हणाली.

दादा म्हणाले, “यादी कशाला? ग्राहकांना मी ओळखतो.”

“विकत घेणाऱ्यांना ओळखता,” ती म्हणाली. “वापरणारी वेगळी असते. तिला कुणी भेटलंय का तुमच्यापैकी?”

दादांनी घड्याळ बघितलं. ताई, मी भेटले होते. दर रविवारी, तुझ्या स्वयंपाकघरात, तू पाय स्टुलावर टाकून बसायचीस आणि त्या यंत्राबद्दल बोलायचीस. ते न सांगता मी यादी दिली.

तीन आठवड्यांनी ती परत आली. काचेच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. तिने पडदा लावला नाही, फक्त एक छोटा स्पीकर टेबलावर ठेवला. “नऊ हॉस्पिटलं फिरले,” म्हणाली, “सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, म्हणून एकीचंच ऐकवते. ही आता वॉर्डात नाही, म्हणून मोकळं बोलली.”

आणि तुझा आवाज आला.

तू खोकून सुरुवात केलीस, नेहमीसारखी. म्हणालीस, “यंत्र वाईट नाही हो. पहिले दोन महिने वाटलं, आता प्रत्येक खाटेपाशी धावायला नको. मग कळलं, एका पाळीत चाळीस सूचना येतात. बाटली अर्धी झाली, सूचना. पेशंटने हात हलवला, सूचना. बॅटरी उतरली, सूचना. सगळ्यांचा आवाज एकच. फोन बंद नाही केला तर काम होत नाही, आणि बंद केला तर जी खरी असते तीही जाते. मी बंद केला. सगळ्याच करतात. त्या दिवशी दुपारी माझी पाळी होती, एवढंच.”

दीड वर्षाने तुझा आवाज ऐकला तो असा, समोर दादा, शेजारी नवरा, आणि काचेबाहेर चहाचे कप उचलणाऱ्या मावशी. मी पेनाचं टोपण लावत-काढत बसले. ही माझी ताई आहे, असं म्हणायला किती शब्द लागतात? तेवढेही निघाले नाहीत.

वहीवाली म्हणाली, “जाहिरात मी उत्तम करेन. पण आधी सूचना कमी करा, महत्त्वाचीचा आवाज वेगळा करा. नाहीतर मी विकेन आणि त्या बंद करून ठेवतील.” नवरा टेबलाकडे बघत होता. हे दुरुस्त करायला दोन महिने पुरतात, हे त्याला माहीत होतं. मलाही होतं, त्यानेच मला वर सांगितलं होतं. दादा हसून म्हणाले, “आम्ही एजन्सी शोधतोय, बाई, परीक्षक नाही.” तिने वही मिटली, रेकॉर्डिंगची प्रत मात्र आमच्याकडेच राहिली.

ती गेल्यावर मतं झाली. दादा, जोडगोळी. नवरा, जोडगोळी. मग माझी पाळी. दोन मतं पडलीच होती, माझ्या मताने काही बदलणार नव्हतं, म्हणून मीही जोडगोळी म्हटलं. बदलणारच नव्हतं तर नाही म्हणायला काय हरकत होती, हे मला जिना चढताना सुचलं.

रात्री जेवताना नवरा दादांना म्हणाला, “तो आवाज हिच्या ताईचा होता.” सहज, मीठ दे म्हणावं तसं. मला वाटलं आता ताट बाजूला सारून कुणीतरी काहीतरी बोलेल. दादा म्हणाले, “मग तर फारच सोपं झालं.”

काय सोपं झालं, ते या पाकिटात आहे. तो छापील कागद. तुझ्या बोलण्यातलं एकच वाक्य त्यांना हवंय, “आता प्रत्येक खाटेपाशी धावायला नको.” तेवढंच कापून, तुझ्याच आवाजात, जाहिरातीत. खऱ्या सिस्टरचा आवाज, म्हणून जोडगोळी हरखून गेलीय. तुझी परवानगी लागते. ती आणायचं काम माझं, कारण उरलेलं सगळं माझंच.

इथे पत्र संपवलं होतं. घडी घालून परत उघडलं.

ताई, तुझ्या वॉर्डातल्या त्या आजोबांची बाटली संपून गेली, त्या प्रकारानंतर हॉस्पिटलने आमच्याकडे खुलासा मागितला होता. आजोबा वाचले, पण चौकशी लागली. कंपनीने उत्तर पाठवलं, “यंत्राने वेळेवर सूचना दिली होती. संबंधित कर्मचाऱ्याने ती बंद केली होती.” त्यावर सही दादांची आहे. त्यावरूनच तुला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. तू तेव्हा मला विचारलंस, “तुला माहीत होतं का गं?” मी म्हटलं, “पत्र गेल्यावर कळलं.”

ते पत्र मी लिहिलं. संबंधित कर्मचारी कोण, हे मला माहीत होतं. चाळीस सूचनांचंही माहीत होतं, तूच रविवारी सांगितलं होतंस. दादा बाजूला उभे राहून म्हणत होते, “खोटं लिहू नको, फक्त जास्तीचं लिहू नको.” मी जास्तीचं लिहिलं नाही.

त्या कागदावर सही करू नकोस. मला इथे नाही म्हणता येत नाही. ऑफिस यांचं, घर यांचं, जिनासुद्धा आतून आहे. दार उघडून बाहेर पडायचं निमित्तही मिळत नाही कधीकधी दिवसचे दिवस. तू नाही कळवलंस की माझी सुटका होईल. मी सांगेन, ताईने नाही म्हटलं, मी काय करू.

एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
छोटी

•

दि. २ मार्च

ताई,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. जिन्यातच उभं राहून उघडलं.

तू सही केलीस.

मी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलं असेल म्हणून. सोबतची चिठ्ठी नंतर खाली पडली. चार ओळी. “वाक्य माझंच आहे, म्हणून सही केली. तुझं ‘नाही’ मी का म्हणू? ते पत्र तुझं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, ‘संबंधित’ हा शब्द तू शाळेच्या निबंधातही घालायचीस. भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालतात.”

खरं सांगते, आधी तुझा राग आला. एवढं साधं मागितलं होतं. मग वाटलं, दीड वर्ष तू हे माहीत असून गप्प होतीस, आणि त्या वहीवालीशी बोलतानाही माझं नाव घेतलं नाहीस. एकदा म्हणाली असतीस की ज्यांनी पत्र लिहिलं त्यात माझी बहीण आहे, तर मला त्या काचेच्या खोलीत तोंड लपवायला जागा राहिली नसती. तरी तू म्हणाली नाहीस.

शुक्रवारी दादांनी विचारलं, “आली का सही?”

“आली,” मी म्हटलं.

“दे मग.”

“देणार नाही.”

त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत, तेच अवघड होतं. “तिने दिलीय ना?”

“तिने दिलीय. मी देत नाही.”

“छोटी,” ते म्हणाले, तुझं ऐकून तेही मला छोटीच म्हणतात, “तुला बरं नाहीये का? जरा वर जाऊन पड.” नवऱ्याने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. मी पाणी प्यायले आणि वर जाऊन पडले सुद्धा. म्हणजे नाही म्हणायचं ते म्हटलं आणि पुढच्या क्षणी सांगितलेलं ऐकलं. माझी धाव एवढीच, तुला हसू येईल.

तासाभरात खालून जोडगोळीचा आवाज आला, स्पीकरवर. “काही प्रॉब्लेम नाही, सर,” एक म्हणाला. “नटी घेऊ,” दुसरा म्हणाला. वाक्य तेच राहणार आहे, फक्त आवाज एका नाटकातल्या मुलीचा. काल रेकॉर्ड झालं. मला ऐकवलं. ती तुझ्यापेक्षा छान बोलते, खोकत नाही.

तर माझ्या नाही म्हणण्याने एवढंच झालं.

शनिवार-रविवार मी त्यावर विचार करत काढला. सोमवारी सकाळी दादा बाहेरगावी गेले, नवरा आत यंत्रापाशी होता. मी कंपनीच्या कागदावर तुझ्या हॉस्पिटलच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. लिहिलं की आमचा आधीचा खुलासा अपुरा होता. एका पाळीत सरासरी चाळीस सूचना जातात, सगळ्यांचा आवाज एकच असतो, आणि हे आम्हाला त्या घटनेच्या आधीपासून ठाऊक होतं. सूचना बंद करावी लागणं हा यंत्राचा दोष आहे, सिस्टरचा नाही. नोंदींची प्रत जोडली. त्या नोंदी नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतात. मी मागायला गेले तेव्हा त्याने कशासाठी हे विचारलं नाही. काढून दिल्या, आणि दार लावून घेतलं. त्याचं काय चाललंय ते मला कळत नाही, पण त्याने दिल्या.

खाली मी माझी सही केली. भागीदार म्हणून. लग्नाला अकरा वर्षं झाली, कंपनीच्या पत्रावर ही माझी पहिली सही. पोस्टात जायला बाहेर पडले तर मावशींनी विचारलं, “काही आणायचंय का?” मी म्हटलं, नाही, द्यायचंय.

तुला लगेच वॉर्डात घेतील असं मला वाटत नाही. चौकशी पुन्हा उघडली तरी महिने जातील, आणि तू पत्र वाचून म्हणशील की हे दीड वर्षापूर्वी लिहायचं होतं. हो, लिहायचं होतं.

इथे अजून कुणाला काही माहीत नाही. दादा काल रात्रीच परतले, खुशीत आहेत. गुरुवारी जाहिरात दाखवायचा कार्यक्रम आहे, मोठ्या हॉस्पिटलांची माणसं येणार. मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय आणि फिकट निळी साडी नेसायला, पडद्याच्या रंगाला जुळते म्हणून. मी हो म्हटलंय. जायला दुसरी जागा कुठेय मला?

पण पत्र बहुतेक उद्या, बुधवारी पोचेल. अधीक्षक वाचतील, आणि आमच्या ऑफिसला फोन करतील. इथला फोन मीच उचलते. ते विचारतील, हे कुणी लिहिलंय, आणि दादा मागे उभे असतील. तेव्हा काय बोलायचं, ते मी कालपासून तोंडातल्या तोंडात म्हणून बघतेय. भांडी घासताना, जिना उतरताना. एकच शब्द आहे, “मी”. अजून अर्धाच येतो. बुधवारपर्यंत यायला हवा.

उत्तर नको देऊस. दिलंस तर वाचेन.

तुझी संबंधित,
छोटी