रिकामी दिसलेली कुपी

प्रिय वहिनी,

बाबांच्या आवाजातले श्लोक तुझ्या प्रयोगशाळेत डीएनएच्या सूक्ष्म रेणूंमध्ये साठवून तू मला ती कुपी दिलीस. मला ती रिकामी दिसली, म्हणून मी धुऊन त्यात सुया ठेवल्या. जन्मभर तत्त्वज्ञानाच्या वर्गात अदृश्य तत्त्व शिकवलं, आणि ते घरी आलं तेव्हा साबण लावला!

मूळ टेप तर कधीच खराब झालेली. चूक कळल्यावर तुला फोन लावला, पण हवापाण्याचंच बोलत बसले. तूच म्हणालीस, “धुतलीत ना, वन्सं? वाटलंच होतं. इथे आणखी चार प्रती ठेवल्यात.”

आज त्यातली एक वाचून तू आवाज पाठवलास. श्लोक मध्येच थांबवून बाबा मला दटावतात, “अगं, आधी नीट बघ!” मी पोटभर रडले.

हे पत्र पाठवणार नाही, डोक्यावर बसशील. पण बाबा परत दिलेस गं.

तुझी ऋणी, अतिस्वच्छ
नणंद