थोरा आत्याने कॉफी सोडली त्याची हकीकत

मँटीजवळ, जुलै १९७८

प्रिय आर्विलाताईस,

धाकट्या डेल्फाचे मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आयडाहोत यंदा बटाटा बरा आलाय असं कळलं, म्हणजे भावोजींचा रक्तदाबही बरा असणार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. टर्की कोंबड्या खुशाल नाहीत, पण त्याचं कारण पुढे येईलच. तू मागच्या पत्रात जर्दाळूच्या मुरंब्याची कृती मागितली होतीस. ती याच पत्रात लिहायची असं ठरवून बसले आहे, पण डोक्यात दुसरंच इतकं भरलंय की मुरंब्याला जागा मिळेल असं वाटत नाही.

जूनमधल्या त्या शुक्रवारी तू कुठे होतीस? (इथे सगळे एकमेकांना हेच विचारतात.) मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. आमचा गोल्डन शेडमध्ये टर्कीची पिल्लं मोठ्या कुंपणात हलवत होता आणि त्याच्या मदतीला ब्रदर अँब्रोज टिलफर्ड आला होता. तुला तो आठवत असेल, रेल्वेतून निवृत्त झालेला, उंचापुरा, काळा, मिसिसिपीकडचा. तो आणि त्याची ल्युसिंडा वीस वर्षांपूर्वी आपल्या चर्चमध्ये आले, बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून चर्च गरम ठेवायची भट्टी बिघडली की अँब्रोज, छप्पर गळलं की अँब्रोज. पण दर रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि पाणी वाटायला उठायची ती बारा वर्षांची पोरं, नाक पुसत, शर्टाचं टोक बाहेर लोंबत. अँब्रोजने त्यांच्या तबकातून आपला तुकडा घ्यायचा आणि 'थँक्यू, ब्रदर' म्हणायचं. याजकपद बाराव्या वर्षापासून प्रत्येक मुलाला, पण काळ्या माणसाला कधीच नाही, असं होतं ना आपल्यात. मंदिरात प्रवेशही नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचं ते पांढरं मंदिर दिसतं, त्यांच्याही खिडकीतून दिसायचं. दोन वर्षांपूर्वी ल्युसिंडा गेली तीही त्या खिडकीशीच, आणि मंदिरातला विधी न झाल्यामुळे नवऱ्याशी अनंतकाळासाठी जोडली न जाता गेली.

तर शेडमध्ये रेडिओ चालू होता. सॉल्ट लेकहून, चर्चच्या मुख्यालयातून, बातमी आली की संदेष्ट्यांना प्रकटीकरण झालं, यापुढे लायक असलेल्या प्रत्येक पुरुषाला याजकपद, रंग कुठलाही असो. मला ते ऐकू आलं नाही. मला ऐकू आल्या त्या टर्की. गोल्डनच्या हातात फाटक होतं, आणि त्या क्षणी आपल्याला हात आहेत हेच तो विसरला. सगळा कळप बाहेर. माझ्या चादरींखालून, बिशपच्या बायकोच्या भोपळ्यांतून, थेट हमरस्त्यावर. मी झाडू घेऊन धावत शेडमध्ये गेले, चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून, तर दोघं रेडिओसमोर टोप्या काढून उभे. गोल्डनच्या तोंडातून शब्द नाही. (लग्न झाल्यापासून असं मी पाहिलेलं नाही.) अँब्रोज खाली धान्याच्या पोत्यावर बसला, आणि मला म्हणाला, "सिस्टर डेल्फा, ती पिल्लं पकडायला हवीत." पण उठला नाही. मी झाडू टाकला आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसले. टर्की जाऊ देत कुठे जायच्या त्या, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. (त्यातल्या बऱ्याचशा परत मिळाल्या. बाकीच्यांनी टेकडीकडे जाऊन स्वतंत्र संसार थाटला आहे.)

आता गोल्डनचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रविवारचा वर्ग तो किती वर्षं घेतोय, आणि त्याचं एकच पालुपद, की आपल्या शिकवणुकीत पहिल्या दिवसापासून काना-मात्रेचा फरक झालेला नाही. बातमीनंतरच्या रविवारी सगळा वर्ग गच्च भरला, कारण तो आता काय म्हणतो हे सगळ्यांना ऐकायचं होतं. गोल्डन उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "शिकवण बदललेली नाही. बदलली ती प्रथा." पहिल्या रांगेत थोरा आत्या बसली होती, म्हणजे त्याच्या बापाची सख्खी बहीण, नव्वदीची, कानाला यंत्र. (ते यंत्र ती फक्त भांडण दिसलं की चालू करते.) ती म्हणाली, "गोल्डन, माझी आई माझ्या बापाची दुसरी बायको होती. त्या काळी ते देवाचं सांगणं होतं. सरकारी शिपाई आले की बाप गवताच्या गंजीत लपायचा आणि आई गंजीवर चढून कपडे वाळत घालायची. मग वरून हुकूम आला, आता एकच बायको. तर माझी आई प्रथा होती होय रे?"

गोल्डनने हातातलं पुस्तक मिटलं.

"तसं नाही, आत्या."

"मग तू प्रथेचा नातू. बस खाली."

आणि ताई, तो बसला.

त्याच संध्याकाळी बिशपने आणि गोल्डनने अँब्रोजच्या डोक्यावर हात ठेवून त्याला याजकपद दिलं. गोल्डनला खरं म्हणजे अजून वाद घालायचा होता. वाटेत त्याने अँब्रोजलाच विचारलं की तुला काय वाटतं, शिकवण बदलली की नाही? अँब्रोज म्हणाला, "ते तुम्ही ठरवा. मला तेरा नंबरचे पांढरे बूट कुठे मिळतील तेवढं सांगा." मंदिरात जायचं तर पांढरेच लागतात, आणि तेरा नंबरचे आमच्या तालुक्यात नाहीत. शेवटी गोल्डनने स्वतःचे जुने काळे बूट (ते मात्र तेराचे निघाले) रंगवून दिले. ते वाळेपर्यंत आमच्या मांजराचे पंजेही पांढरे झाले.

मग प्रश्न आला ल्युसिंडाच्या जागेचा. तिला नवऱ्याशी जोडायचं तर तिच्या वतीने कुणीतरी जिवंत बाई वेदीशी गुडघे टेकायला हवी. मला वाटलं मला विचारेल, मी मनात झगाही इस्त्री करून ठेवला. पण अँब्रोजने थोरा आत्याला विचारलं. ल्युसिंडा आणि आत्या दर मंगळवारी एकत्र गोधड्या शिवायच्या आणि टाके सोडून सगळ्यावर भांडायच्या. आत्या हो म्हणाली, आणि मग सगळ्यांना एकदमच कॉफी आठवली, कारण कॉफी पिणाऱ्याला मंदिरात प्रवेश नाही. डॅनिश बापाची लेक ती, सात वर्षांची होती तेव्हापासून पितेय. बिशपकडे मंदिरप्रवेशाचा दाखला मागायला गेली तेव्हा त्याने विचारायचं ते विचारलं. (तो एरवी पशुखाद्याचं दुकान चालवतो आणि आत्याला घाबरतो.) आत्या म्हणाली, "तुझ्या आजीला मी मंदिरातून आल्यावर कॉफी पाजलीये. तेव्हा कुणी विचारत नसे." गोल्डन तिला घेऊन गेला होता, त्याच्याने राहवलं नाही. म्हणाला, तेव्हा तो सल्ला होता, नंतर आज्ञा झाली.

"म्हणजे बदललं."

"बदललं नाही आत्या, पक्कं झालं."

"तू पक्का झालायस," आत्या म्हणाली, आणि घरी येऊन तिने किटली माझ्या हातात दिली. म्हणाली, लपव, मी मागितली तरी देऊ नकोस.

ते आठवडे कसे गेले ते मी सांगू शकत नाही. डोकं दुखतंय म्हणून ती डोक्याला ओला टॉवेल बांधून बसायची. पोस्टमनवर ओरडली, देवावर ओरडली, आणि ल्युसिंडाच्या फोटोला म्हणाली, "जिवंतपणी रोज कॉफी सोड म्हणून मागे लागायचीस, आता मेल्यावर जिंकलीस ना बाई." पण एकदाही किटली मागितली नाही. मी रोज सकाळी वाट बघत होते की आज मागेल. ती उठायची, रिकामा कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसायची आणि टेकडीकडे बघायची. नव्वद वर्षांची बाई, दुसऱ्या बाईसाठी. मला तिच्यासमोर मोठ्याने बोलायचंसुद्धा धाडस होईना.

गेल्या शुक्रवारी ते झालं. आत काय होतं ते लिहायचं नसतं, तुला माहीतच आहे. पण एवढं लिहिलं तर चालेल, की आत्या गुडघ्यांवर बसली तेव्हा दोघांनी धरावं लागलं, आणि समोर अँब्रोज, त्या रंगवलेल्या बुटांत, आत्याचा हात हातात. ल्युसिंडाचं नाव उच्चारलं गेलं तेव्हा त्याने तो हात आणखी घट्ट धरला. ताई, मी शपथेवर सांगते, त्या खोलीत आम्ही होतो त्याहून जास्त माणसं होती. सगळं संपलं, आत्याला उठवलं, तरी अँब्रोज तिचा हात सोडेना. आत्याचे डोळे भरून वाहत होते आणि ती म्हणाली, "अरे सोड आता, तुझी बायको मी नव्हे." तेव्हा तो हसला. वीस वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर गोल्डन टेकडीच्या कडेला एकटाच उभा राहिला. खाली सगळं खोरं, कालवे, आमच्या पळालेल्या टर्की कुठेतरी. मी जवळ जाऊन विचारलं, काय मग, बदललं की नाही? त्याने टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "डेल्फा, मला माहीत नाही." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवशीच्या सगळ्या नवलांत तेही मी धरते.

भावोजींना नमस्कार. जपून राहा.

तुझीच,
डेल्फा

ता.क. मुरंबा राहिलाच. जर्दाळूच्या निम्मी साखर घाल, बाकी अंदाजाने.

ता.क. आत्याने शनिवारी सकाळी किटली परत मागितली. म्हणते, देवाने एक गोष्ट दुरुस्त करायला इतका वेळ लावला, तर कॉफीबद्दलही तो कधीतरी बोलेल, तोवर मी पीत पीत वाट बघते. बिशपला कळवायचं की नाही, हे कुणी ठरवायला तयार नाही.

ता.क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तुझा लायमन सहा वर्षांपूर्वी याच नियमावरून भांडून चर्च सोडून ओरेगॉनला गेला आणि तू त्याचं नाव घेणं सोडलंस. तो नियम आता राहिला नाही. मी काल त्याला फोन केला आणि सांगितलं की तुझी आई तुझी चौकशी करत होती. त्याने विचारलं, "खरंच?" मी म्हटलं, खरंच. येत्या रविवारी तो इथे जेवायला येतोय, आणि तू येणार आहेस असंही मी सांगून बसले आहे. ऑगस्टमध्ये माझ्या दाखल्याची मुलाखत आहे आणि तिथे खरं बोलतेस का हे विचारतात. तेव्हा ताई, मी खोटी ठरायच्या आत ये.