तेराव्या सैनिकाचा चेहरा

४ एप्रिल
टॅलेरूला पोहोचले! गाव म्हणजे गव्हाची कोठारं, एक पब आणि एक चर्च. चर्चमागचं घर महिनाभर माझं. त्या बदल्यात पंचवीस तारखेच्या पहाटे चर्चमध्ये युद्धात पडलेल्यांचं स्मरण होतं, त्यासाठी एक कविता लिहून द्यायची. चर्चची देखभाल करणाऱ्या आयव्ही हॉकिंगबाई बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. कवयित्री म्हणजे कुणी उंचपुरी बाई असेल असं त्यांना वाटलं होतं म्हणे. मला हसूच फुटलं.

६ एप्रिल
कविता चर्चच्या खिडकीतच आहे. रंगीत काचेत बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याचं हाडांनी भरलेलं खोरं. तो हाक देतोय आणि हाडांतून तेरा सैनिक उठताहेत. चेहरे इथल्याच पोरांचे. पहिल्या महायुद्धानंतर आयांनी फोटो दिले, त्यावरून कारागिराने रंगवले. तेरावा मात्र कोरा. अर्नी रोवेटच्या आईने फोटो दिलाच नाही. फोटो दिला म्हणजे पोरगा गेला हे कबूल केलं, असं ती म्हणायची. त्याची वाट बघतच वारली.

९ एप्रिल
बारा जणांच्या ओळी झाल्या. तेराव्यापाशी अडले. ती कोरी काच डोळ्यांत खुपते. शेवटी कवितेत त्याला लॉकीचा चेहरा दिला: भुवईवरचा व्रण, पुढचा अर्धा तुटलेला दात. माझा हा धाकटा भाऊ अफगाणिस्तानातून परतला खरा, पण जेवताना मान वर करत नाही. त्याच्यावर आजवर एक ओळ जमली नव्हती. आज रडले, आणि बरं वाटलं.

१३ एप्रिल
आयव्हीबाईंना वाचून दाखवली. तेराव्याचा चेहरा माझ्या भावाचा, हेही सांगितलं. त्या फाडकन म्हणाल्या, अगं, पण हा पोरगा जिवंत आहे ना? मग त्याला मेलेल्यांत दिलास कशाला? मीही चिडले. कविता आहे, मृत्यूचा दाखला नाही! दुपारी चर्चमध्ये गेले. कोऱ्या काचेवर भुवईपाशी एक रेघ दिसते. तडा असेल.

१७ एप्रिल
तडा नाही, व्रण. तुटका दातही आहे.
लॉकीचा फोन. दाढीला आरशासमोर उभा राहतो तर माझा चेहराच सापडत नाही, म्हणाला. थट्टा करत नव्हता.

१९ एप्रिल
ओळी खोडल्या. कागद जाळला. चेहरा तसाच — आता डोळेही —
त्याच्या बायकोचा फोन. लेक त्याला पाहून किंचाळते. हा बाबा नाही म्हणते. देवा, मी काय करून बसले!

२१ एप्रिल
काचेला चेहरा हवाच. मग माझा घे. पुन्हा लिहिलं: हनुवटीवरचा तीळ, बसकं नाक, डावीकडे पिकलेली बट. थोरली मी आहे.

२२ एप्रिल
लॉकीचा फोन! काय गं ठेंगू, जेवलीस का, म्हणाला. किती वर्षांनी! पंचवीसला येतोय. मागे लेक खिदळत होती.
हनुवटी चाचपली. तीळ —

२४ एप्रिल
आरसे झाकले. बोटांना नाकही सापडत —
आयव्हीबाईंनी दार जेमतेम उघडलं. कोण हवंय, विचारलं.

२५ एप्रिल
मागच्या बाकावर. उजाडतंय. खिडकी उजळतेय. लॉकी आलाय, मान वर करून चालतोय. मी हाक मारली. माझ्याकडे पाहिलं त्याने — माफ करा बाई, म्हणाला — मग खिडकीकडे वळला आणि हसून तिथल्या तेराव्या चेहऱ्याला म्हणाला, ताई, तू —