नवऱ्यावरची एक ओवी

प्रोफेसरसाहेब,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायचा तर दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. कंटाळा येतो. तरी काल एका नव्या पुस्तकात तुमचं ते वाक्य पुन्हा भेटलं, तुमचं नावसुद्धा न देता: या मुलखातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत भाऊ आहे, माहेर आहे, देव आहे, नवरा मात्र माणूस म्हणून कुठंच नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं. हे चूक आहे. तेव्हाही चूकच होतं.

तीस सालानंतरचे ते दिवस. मी बारामतीत गुळाच्या अडतीवर कामाला होतो. शिक्षण सातवीपर्यंत, बाकीचं वाचनालयात बसून जमवलेलं. त्याच वाचनालयात तुमचं व्याख्यान ठरलं. तुमच्या पुस्तकातली कुठली ओवी कुठल्या पानावर, हे मला तोंडपाठ होतं. व्याख्यान संपतं, तुम्ही "कुणाला काही शंका?" म्हणता आणि मी उभा राहतो. "या ओव्या आपण कुठं बसून उतरून घेतल्या?" "त्यांच्याच घरी, सोप्यात." "घरातले पुरुष होते?" "होते की. त्यांनीच बायकांना बोलावून आणलं." "मग सासऱ्यादेखत कुठली सून नवऱ्यावरची ओवी म्हणेल, साहेब? आमच्याकडं बायका नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाहीत." पुढच्या खुर्चीवरचे एक वकील मागं वळून म्हणाले, "अहो अडतवाले, तुम्ही गुळाचा भाव सांगा, तेवढं पुरे." सभा हसली. तुम्ही हसला नाहीत. "शंका रास्त आहे," म्हणालात, "पण नुसत्या शंकेनं पुस्तक बदलत नसतं. अशी एक ओवी आणा. बाईनं म्हटली तशी, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणलीत तर पुण्याला माझ्याकडे या. राहा, शिका." त्या रात्री मला झोप आली नाही. एका ओवीवर माझं शिक्षण येऊन थांबलं होतं, आणि ती ओवी माझ्या घरातच होती, अशी माझी खात्री.

सुट्टी काढून शेळगावला गेलो. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, चुलती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, दळताना तू आबांवर ओवी म्हणायचीस ती सांग." आईचा हात थांबला. "कुठली रं? मला न्हाय येत तसली." "मी ऐकलीय. तुझ्या मांडीवर असताना." "आसशील ऐकली. मांडीवरच्या पोराला काय कळतंय, म्हणून म्हनायची. आता मिशा फुटल्यावर तुझ्यापुढं म्हनू व्हय?" चुलतीनं पदर तोंडाला लावला. "अवो जाऊबाई, लिवून घेतूय त्यो! बापालाच वाचून दाखवनार दिसतंय." दोघी हसायला लागल्या. तेवढ्यात आबा दारात खाकरले आणि घर एकदम गप्प झालं. आजही डोळे मिटले की त्या ओवीची चाल मला ऐकू येते. शब्द येत नाहीत.

मग आसपासची गावं, कळस झालं, निमगाव केतकी झालं. मी अंगणात पाऊल टाकलं की आतलं गाणं बंद पडायचं. तुमच्या चुकीचं जे कारण मी सांगितलं होतं, तेच मला नडत होतं. कळसला मात्र एक म्हातारी भेटली. तुम्ही आला होता तेव्हा तिनंच तुम्हाला ओव्या सांगितल्या होत्या. म्हणाली, "मामंजी सोप्यात बसलं हुतं की. मग काय म्हननार? भावाचं म्हटलं. भावाचं म्हनायला कुनाची चोरी हाय?" मी ते जसंच्या तसं तुम्हाला कळवलं. तुमचं उलट टपाली उत्तर आलं: हे कारण झालं, हा पुरावा नव्हे. मला राग आला, पण तुमचं म्हणणं मला खोडता आलं नाही. चालीत बसणारी एक ओवी रचून धाडली असती तर तुम्हालाही ओळखू आली नसती. तशी विद्या मला नको होती. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. पुणं राहिलं ते राहिलंच. पुढं जे काही शिकलो ते माझं मीच, आणि तेही कमी नाही.

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. मागच्या महिन्यात इंदापूरला निघालो आणि गाडी चुकली म्हणून परत आलो. दार लोटलेलं होतं, आत बायको जात्यावर डाळ भरडत होती. मी चपला हातात घेऊन भिंतीशी उभा राहिलो. साहेब, तिनं माझं नाव घेतलं, सरळ, लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच. पुढं जे म्हटलं त्यात माझा तिरसटपणाही होता, आणि तो तिनं ज्या मायेनं सांगितला तसा मला स्वतःला कधी सांगता आला नसता. एक शब्दही निसटला नाही. जातं थांबलं तसा मी परत रस्त्याला लागलो आणि दुसऱ्या गाडीनं इंदापूरला गेलो. संध्याकाळी तिनं विचारलं, "मिळाली का गाडी?" "मिळाली," म्हटलं.

म्हणजे तुम्ही मागितला होता तो पुरावा आता माझ्याजवळ आहे. तो मी कुठं छापणार नाही, या पत्रातही लिहिणार नाही. तुमचं वाक्य चुकीचं आहे आणि ते तसंच छापलेलं राहू दे. एवढंच कबूल करतो की हल्ली ती जात्याशी बसली की मी कामाचं काहीतरी निमित्त सांगून घराबाहेर पडतो. काम काहीच नसतं.